मशीनवाली काकू

माझ्या काकूला विणता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कितीतरी वर्षं अर्धं शहर तिला विणकामातली जाणकार समजत होतं. दोन सुया हातात घेतल्या की तिच्या कपाळाला घाम फुटायचा. टाके एकतर इतके घट्ट पडायचे की सुई निघेना, नाहीतर इतके सैल की त्यातून बोट जावं. आजीचा, म्हणजे तिच्या सासूचा, हात मात्र या कामात पक्का बसलेला. सुयांकडे न बघता, गप्पा मारता मारता ती एक बाही संपवायची. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात काकूने काकांसाठी मफलर करायला घेतला. थंडी सरली तरी तो वीतभरच होता. आजीने तो उचलून बघितला आणि म्हणाली, "राहू दे गं. एखाद्या उंदराला होईल."

आम्ही सगळे एकाच घरात राहायचो. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. काका पाणीपुरवठा खात्यात होते, घरोघरी जाऊन मीटर बघायचे. माझे आईवडील, मी, काकूची मुलगी आणि आजी. काकू घरात बसून राहणारी नव्हती, पण बाहेर करायचं काय हेही तिला सुचत नव्हतं. बाजारहाट तिच्याकडे होता आणि तिला तो आवडायचा. दुकानदाराशी दोन वाक्यं जास्त बोलल्याशिवाय तिची पिशवी भरायची नाही.

असंच एकदा मुलीच्या स्कर्टची चेन बदलून आणायला ती शिलाईच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानाच्या दाराशी एका टेबलाला लोखंडी पट्टी आवळून एक माणूस उभा होता. पट्टी दोन हात लांब. तिच्यात शेजारी शेजारी बसवलेल्या बारीक सुया, प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा आणि आकड्यावर उघडझाप करणारी इवलीशी जीभ. पट्टीवर मुठीचा एक सरकता ठोकळा होता, त्याला तो घोडा म्हणत होता. घोडा डावीकडून उजवीकडे नेला की सगळ्या सुया खर्रकन एकामागून एक पुढे येत, लोकर पकडून मागे जात आणि विणीची एक अख्खी ओळ तयार होई. घरच्या घरी स्वेटर विणायचं मशीन.

तो माणूस म्हणजे कुलपं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचा मालक होता. बाजारात स्वस्त कुलपं आली, याची मागे पडली, म्हणून त्याने हे नवं काढलं होतं. हात सोन्यासारखा, पण तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी. बायका यायच्या, थांबायच्या, मान डोलवायच्या आणि बटणं घेऊन निघून जायच्या. मालक बिचारा खर्र-खट्ट करत विणत राहायचा. काकू बराच वेळ बघत राहिली आणि मग तिला राहवलं नाही.

"अहो, तुम्हीच का सरकवताय?"

"म्हणजे?"

"तुम्ही कारागीर. तुम्हाला जमणारच. बघणारीला वाटतं, हे आपलं काम नव्हे. मूठ तिच्या हातात द्या ना."

"आणि मोडलं म्हणजे?"

"मोडणारं असेल तर विकता कशाला?"

 मालकाने मूठ सोडली आणि बाजूला सरकला. काकूने घोडा ओढला. एक ओळ. परत ढकलला. दुसरी ओळ. जिला वीतभराच्या पुढे मफलर जमला नव्हता, तिच्या हातून पाच मिनिटांत हातभर सरळ, एकसारखी वीण खाली लोंबायला लागली. भोवती चार बायका जमल्या. "मी बघू? मी बघू?" सुरू झालं. काकू घरी आली ती चेन न बदलताच.

पुढच्या आठवड्यात मालक पत्ता काढून आमच्या घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "बाई, माझं मशीन तुम्ही दाखवाल का? घरोघरी जाऊन?"

तो गेल्यावर घरात बैठक बसली. आजी म्हणाली, "लोकांची दारं वाजवत फिरणार?"

काका म्हणाले, "मी आयुष्यभर तेच करतोय. मला तर पाण्याचं बिल घेऊन जावं लागतं. हिच्या हातात निदान स्वेटर असेल."

 काकू कामाला लागली.

पहिला हिवाळा कोरडा गेला. मशीन लाकडी पेटीत असायचं आणि पेटी चांगलीच जड. बसमध्ये चढताना कंडक्टर म्हणायचा, "बाई, या पोराला तिकीट लागेल." काकू म्हणायची, "मांडीवर घेते की." जिने चढायचे, पेटी उघडायची, टेबल मिळालं तर टेबलाला, नाहीतर ओट्याच्या कडेला पट्टी आवळायची. बायका चहा द्यायच्या, कौतुक करायच्या, मूठ फिरवून बघायच्या आणि नको म्हणायच्या. नको म्हणायची कारणं मात्र हजार. आवाज फार होतो. घरात जागा नाही. नवऱ्याला विचारते. सासूला विचारते. एकीने तर सांगितलं, मशीनने विणलं तर मग मी दुपारी करू काय? हे कारण काकूला पटलं. ती म्हणायची, बाकीच्या खोटं बोलल्या, ती एकटी खरं बोलली.

संध्याकाळी ती पाय चोळत बसायची. आजी म्हणायची, "नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. तुझ्या या नव्याला तर पहिलाच दिवस उजाडेना."

पहिलं मशीन गेलं ते दुसऱ्या हिवाळ्यात, एका भांडणापायी. एका इमारतीत समोरासमोर दोन बिऱ्हाडं होती, एक ट्रक ड्रायव्हरचं आणि एक दवाखान्यातल्या कंपाउंडरचं. दोघींचं एकमेकींशी विळ्याभोपळ्याचं सख्य. कंपाउंडरच्या बायकोने मशीन बघितलं आणि दार लावता लावता मोठ्याने म्हणाली, "आपल्यासारख्यांना परवडणारं नाही हे." समोरचं दार उघडंच होतं. ड्रायव्हरच्या बायकोने तिथल्या तिथे मशीन घेतलं. कसं चालवायचं हे विचारायचंही तिला भान राहिलं नाही. काकू तिला शिकवायला दुसऱ्या दिवशी आपणहून गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. हिवाळा संपायच्या आत ड्रायव्हरच्या तिन्ही मुलांच्या अंगावर एकाच रंगाचे स्वेटर होते आणि ती मुलं दिवसभर कंपाउंडरच्या दारासमोर खेळायची. पुढच्या थंडीच्या सुरुवातीला कंपाउंडरची बायको स्वतः कारखान्यात आली.

तिथून गाडी धावली. एका इमारतीत एक मशीन गेलं की वर्षाच्या आत तिथे आणखी चार जायची. काकूला आता पेटी उचलून फिरावं लागेना. बायका आधीच्या गिऱ्हाइकाकडे बघून यायच्या आणि फक्त कधी मिळेल एवढंच विचारायच्या. कारखान्यात कुलपांची यंत्रं हलवून सुयांची यंत्रं बसली. माणसं वाढली. मालकाने काकूच्या हाताखाली आणखी बायका दिल्या. त्यांच्याकडून ती एकच गोष्ट घोकून घ्यायची: "मूठ गिऱ्हाइकाच्या हातात. आपण बोलायचं." बोलणाऱ्याचे हुलगे खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ही म्हण मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की हुलगे म्हणजे लोकरीचाच एखादा प्रकार असावा असं मला लहानपणी वाटायचं.

आमच्या पुढच्या खोलीत शिकवणी सुरू झाली. दुपारी खाट उभी करून ठेवायची आणि तीन टेबलं मांडायची. खर्र-खट्ट, खर्र-खट्ट. माझी आई म्हणायची, "घरात आगगाडी पाळलीय." पण तीही शिकली. शाळेचे स्वेटर विणून देण्याची कामं बायकांना मिळू लागली. कुणी त्यातून घराला रंग काढला, कुणी मुलीला टायपिंगच्या क्लासला घातलं. काकूला रस्त्यात अनोळखी बायका थांबवून स्वेटर दाखवायच्या. तिचं नाव मागे पडून ती सगळ्यांची मशीनवाली बाई झाली आणि आमच्या गल्लीतल्या मुलांची मशीनवाली काकू.

आजी या सगळ्यापासून लांब राहायची. पण एकदा दुपारी शाळेतून लवकर आले तर ती एकटीच मशीनपुढे बसलेली. घोडा हळूच ओढत होती, मांजराच्या अंगावरून हात फिरवावा तसा. मला बघून म्हणाली, "धूळ पुसत होते." धूळ पुसता पुसता तिने अर्धी पाठ विणली होती.

संध्याकाळी काकूने ती पाठ उलटसुलट करून बघितली.  आजीच म्हणाली, "वीण सरळ आहे, ते खरं. पण तुमचं मशीन गळा घालतं तो गळा नव्हे. पोत्याचं तोंड दिसतं ते. गळा हातानेच उचलायला हवा."

"मग आई, तुम्ही दाखवा ना बायकांना."

"मी? त्या आगगाडीत?"

पण दाखवायला लागली. अंग मशीनवर, गळा हातावर, असं ठरून गेलं. त्याने स्वेटर खरोखर सुंदर दिसायला लागले. मालकाला हे कळलं तेव्हा त्याने मशीनबरोबर हातसुयांची एक जोडी मोफत द्यायला सुरुवात केली. आजीला याचा फार अभिमान. शेजारणींना सांगायची, "मालक माझ्या सल्ल्याने चालतो." एका हिवाळ्यात ती झोपेतच गेली, तोवर ती शिकवणीला बसत होती. तिने शिकवलेल्या कितीतरी जणी त्या दिवशी जिन्यात उभ्या होत्या.

पुढची काही वर्षं नुसतीच पुढे सरकली. पैसा येत होता, कारखाना चालत होता, पण मजा गेली असं काकू म्हणायची. आणखी दोन कारखान्यांनी तसंच मशीन काढलं. एकाने घोडा प्लॅस्टिकचा केला आणि किंमत खाली आणली. मग आमच्या मालकानेही किंमत उतरवली. दुसऱ्याने सोबत लोकर फुकट दिली, याने लोकर आणि नक्षीची पुस्तिका दिली. मग रंग आले. हिरवं मशीन, निळं मशीन, शेवटी गुलाबी. काकूने गुलाबी मशीन बघून विचारलं, "हे जास्त चांगलं विणतं का?" मालक म्हणाला, "विणतं तेवढंच. पण दिसतं." आता तोही बोलायला शिकला होता.

मुख्य अडचण वेगळीच होती. ज्यांना हवं होतं त्यांच्याकडे मशीन होतं. काकू एखाद्या घरात जायची आणि आत शिरताच तिला कळायचं. मशीनवर भरतकामाचं झाकण घातलेलं असेल आणि झाकणावर फुलदाणी असेल, तर त्या घरात गेल्या दोन हिवाळ्यांत कुणी विणलेलं नाही. अशा फुलदाण्या वाढत चालल्या. काका म्हणायचे, "माझ्या मीटरसारखं आहे हे. प्रत्येक घरात एक असतो, दुसरा कुणाला नको असतो."

मग तयार स्वेटर आले. लोकरीचे नव्हेत, कसल्यातरी कृत्रिम धाग्याचे. हलके, भडक रंगाचे, धुतले की तासाभरात वाळणारे. फुटपाथवर ढिगाने पडलेले असायचे. नुसती लोकर विकत घ्यायला जेवढे पडत, त्याहून कमीत अख्खा स्वेटर मिळायचा. शाळांनीही तेच घ्यायला सुरुवात केली. काकूच्या ओळखीच्या लोकरवाल्याने दोन हिवाळे तग धरला आणि मग दुकानात पडदे टांगले. ती विचारायला गेली तर म्हणाला, "बाई, पडद्याला ऋतू लागत नाही."

याच सुमारास मालकाचा मुलगा व्यवसायाचं शिक्षण संपवून घरी आला. शांत मुलगा होता, मोठ्यांशी अदबीने बोलायचा. काकूला मावशी म्हणायचा. काही आठवडे त्याने जुन्या विक्रीचे आकडे चाळले आणि एक दिवस वडिलांना आणि काकूला बसवून भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक रेघ काढली. सुरुवातीला जमिनीलगत, मग झपकन वर, मग वरच्या वर सपाट, आणि मग खाली.

"बाजारात येणाऱ्या बहुतेक वस्तूंचं असंच होतं," तो म्हणाला. "आधी कुणी घेत नाही. मग सगळे घेतात. मग सगळ्यांकडे असते. मग दुसरं काहीतरी येतं." त्याने खाली उतरणाऱ्या भागावर बोट ठेवलं. "आपण इथे आहोत. पुष्कळच खाली."

मालक उठून उभा राहिला. "माझ्या मशीनला तू उतरण लावतोस? त्यात काय खोट आहे सांग!"

"खोट काहीच नाही, बाबा. मशीन उत्तम आहे. फक्त ते आता कुणाला नकोय."

मालक बाहेर निघून गेला. काकूलाही राग आला होता. घरी येऊन ती काकांना म्हणाली, "कालचं पोर! रेघ मारून मोकळं." रात्री जेवताना मात्र तिने ताटात बोटाने तीच रेघ काढून बघितली. ती पहिल्या हिवाळ्यातले जिने चढली होती, ड्रायव्हरच्या बायकोचं भांडण तिने बघितलं होतं, फुलदाण्याही तिनेच बघितल्या होत्या. पोराच्या रेघेत चूक कुठे काढायची, हे तिला कळेना.

मालकाने मुलाचं ऐकलं नाही. त्याने एक विक्री व्यवस्थापक नेमला. हा गृहस्थ आधी बऱ्याच ठिकाणी काम करून आलेला, चकचकीत बुटांचा. त्याने योजना काढली. शहरात कुणी घेत नसेल तर लांबच्या छोट्या गावांत जायचं. तिथल्या बायकांना सांगायचं, मशीन घ्या, तुम्ही विणलेले स्वेटर आम्ही विकत घेऊ. घरबसल्या कमाई. गोदामातला सगळा साठा एका हिवाळ्यात संपेल.

"आणि त्या स्वेटरांचं काय करायचं?" काकूने विचारलं.

"घेऊ की. सुरुवातीचे."

"नंतरचे?"

"बाई, नंतरचं नंतर."

तरी काकू त्यातल्या एका गावाला गेली. का गेली, हे मी तिला पुढे एकदा विचारलं. ती म्हणाली, "मालक गेल्या वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. आणि मला दुसरं काही येत नव्हतं." त्या गावाला बसने अर्धा दिवस लागायचा. तिथली सूतगिरणी नुकतीच बंद पडली होती आणि बरीच पुरुषमाणसं घरी बसून होती. तिथे पहिल्याच दिवशी ती एका घरी शिरली. एकच खोली, पण लख्ख. नवरा दाराशी बसून सायकलची साखळी साफ करत होता. बायको तिशीची असेल. काकूने पट्टी आवळली, मूठ तिच्या हातात दिली. त्या बाईचा हात असा काही चालायला लागला की काकू बघतच राहिली. इतक्या वर्षांत इतक्या पटकन कुणी शिकलं नव्हतं. नवराही उठून बघायला आला.

"कमाई होईल ना हो यावर?" त्याने विचारलं.

काकू ठरलेलं बोलली. कंपनी स्वेटर घेईल वगैरे. बोलताना तिला आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

नवरा-बायको कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलले. मग बाई परत आली आणि काकूसमोर बसली. "ताई, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही माझ्या जागी असतात, तर घेतलं असतंत का?"

काकू सांगायची, की खोटं अगदी ओठांवर आलं होतं. हजारदा कुणी ना कुणी हे विचारलं होतं आणि हजारदा ती "डोळे मिटून घेतलं असतं" म्हणाली होती. तेव्हा ते खरं होतं.

"नाही," ती म्हणाली. "दहा वर्षांपूर्वी घेतलं असतं. आता नाही. स्वेटर फार दिवस कुणी घेणार नाही. घेऊ नका."

त्या बाईचा चेहरा पडला. तिला आनंद झाला नाही, आभार तर लांबच. ती म्हणाली, "मग दाखवायला आणलंत कशाला?"  काकूने पट्टी सोडवली, पेटी बंद केली आणि दुसरं घर न बघता परतीची बस धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट मालकाच्या खोलीत गेली. व्यवस्थापकही तिथेच होता, मुलगाही.

"मालक, मी काल एकही मशीन विकलं नाही. एक विकलं जात होतं, तर मीच नको म्हणून सांगितलं."

व्यवस्थापक हसला. "वा! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

काकू त्याच्याकडे वळली नाही. "मालक, हे मशीन मी तुमच्यासाठी पेटी उचलून दारोदार नेलं. एकाही बाईला फसवून विकलं नाही. आता शेवटी शेवटी फसवून विकलं, तर आधीची सगळीच फसवून विकल्यासारखी होतील. मला जमणार नाही. काढून टाकायचं तर टाका."

मालक बराच वेळ टेबलावरची एक सुई बोटात फिरवत राहिला. तिची जीभ उघडायचा, मिटायचा. शेवटी म्हणाला, "जा घरी. मला विचार करू दे."

आठवडाभर काही निरोप नाही. काकू घरात कपाटं आवरत राहिली. एकच कपाट तिने तीनदा आवरलं, असं माझी आई सांगते. मग मालकाचा मुलगा स्वतः आला. योजना बंद झाली होती, व्यवस्थापक दुसरीकडे गेला होता. आणि मशीन बनवणंही बंद करायचं ठरलं होतं.

"बाबांनी स्वतः सांगितलं," तो म्हणाला. "मला बोलायचीही गरज पडली नाही."

काकूने त्याला पाणी दिलं आणि समोर बसली. "बंद करा. पण सुयांचं काय?"

"कुठल्या सुया?"

"ज्या बायका अजून विणतात, त्यांच्या सुयांच्या जिभा मोडतात. दरवर्षी दोन-चार तरी. सुई मिळाली नाही तर अख्खं मशीन भंगार. मशीन विकू नका, पण सुया बनवत राहा."

 मुलाने तिथेच बसून हिशेब केला आणि म्हणाला, "सुयांचं यंत्र आहेच. दोन माणसं पुरतील. तोटा होणार नाही, थोडं सुटेलही. ठीक आहे, मावशी. पण ते तुम्ही बघायचं."

शेवटचं मशीन जोडलं त्या दिवशी मालक कारखान्यात आला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणाला. कामगारांनी मशीन पुसून बाजूला ठेवलं, चहा घेतला आणि घरी गेले. काही मुलाच्या नव्या कामात राहिले, काही दुसरीकडे लागले. एक फिटर, जो अगदी सुरुवातीपासून होता, त्याने पुढे रिक्षा घेतली. काकू बसस्टॉपवर दिसली की तिला फुकट सोडायचा.

मागच्या बाजूच्या खोलीत सुयांचं काम चालू राहिलं. फोन काकूच घ्यायची. कुणाला सुया हव्या असायच्या, कुणाचा घोडा अडकायचा, कुणाला नुसतंच बोलायचं असायचं. मालक रोज सकाळी येऊन खुर्ची टाकून बसायचा आणि तयार सुया तपासायचा. वाकडी निघाली की भिंगाखाली धरून सरळ करायचा. दोघं फारसं बोलायची नाहीत. एकदा तो म्हणाला, "बाई, त्या दुकानाच्या दाराशी तुम्ही थांबला नसतात, तर मी परत कुलपांकडे गेलो असतो."

"मग मी अजून तो मफलर विणत बसले असते," काकू म्हणाली.

मालक गेल्यावरही सुया चालू होत्या. हळूहळू फोन कमी झाले. विणणाऱ्या बायकांचे डोळे गेले, हात आखडले, मुली-सुनांना आवड नव्हती. एके वर्षी सुयांच्या यंत्राचा साचा तुटला. नवा करायचा तर खर्च मोठा आणि मागणी मूठभर. मुलगा आढेवेढे घेत ते सांगायला आला. काकू म्हणाली, "किती लांबवणार? बंद कर." तोवर ती त्याला अरे-तुरे करायला लागली होती. उरलेल्या सुया तिने माहीत असलेल्या बायकांना फोन करून वाटून टाकल्या. "यापुढे मिळणार नाहीत, जपून वापरा," एवढंच प्रत्येकीला सांगितलं. दोघी-तिघी फोनवर रडल्या. काकू रडली नाही.

मुलाने आता गुडघ्याला घालायचे विणलेले पट्टे काढले होते. त्याने काकूला विचारलं, दवाखान्यांत जाऊन दाखवाल का. तिने दोन वर्षं ते काम केलं आणि चांगलं केलं. पहिल्या वर्षी कुणी घेईना तेव्हा तिच्या हाताखालच्या नव्या मुली हिरमुसायच्या, काकू मात्र आरामात डबा उघडून जेवायची. दुसऱ्या वर्षी खप सुरू झाला, तेव्हा तिने राजीनामा दिला. मुलगा म्हणाला, "मावशी, आता तर चाललंय."

"म्हणूनच. आता माझी गरज नाही. आणि खरं सांगू का, गुडघ्यांत माझा जीव रमत नाही."

आता ती घरी असते. काका निवृत्त झालेत, दोघं सकाळी फिरायला जातात. तिचं स्वतःचं मशीन तिने पाच-सहा वर्षांपूर्वी मतिमंद मुलींच्या एका वसतिगृहाला दिलं. तिथल्या शिक्षिकेने पायपुसणी विणायला शिकवायचं म्हणून मागितलं होतं. काकू मशीन पोचवायला गेली, त्यांना लावून दिलं, मूठ एका मुलीच्या हातात दिली आणि जेवायच्या वेळेला घरी परत आली. त्या दिवशी माझी आई म्हणाली, "खोली किती मोठी दिसते गं आता." काकू म्हणाली, "हो ना. मी तिथे खुर्ची ठेवणार आहे. उन्हात बसायला."